खाडीतली कांदळवन फेरी: गावाने सुरुवात कशी करावी

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाने २०१७ साली वल्ह्यांच्या होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवायला सुरुवात केली. गटातल्या बायका मच्छीमार समाजातल्या. त्यानंतर दापोलीत आंजर्ले, खेडमध्ये सोनगाव, श्रीवर्धनकडे काळिंजे, पालघर जिल्ह्यात मारंबळपाडा अशा खाडीकाठच्या गावांतही गटांनी नौकाफेऱ्या सुरू केल्या. आता आणखी बरीच गावं तेच करू पाहतात. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे: गावात होडी वल्हवणारे हात आहेत, खाडी आहे, पण फेरी अजून सुरू झालेली नाही, अशांसाठी.

एक गोष्ट गटाच्या पहिल्याच बैठकीत ठरवून टाकावी. मासेमारी हा धंदा, फेरी हा जोडधंदा. जाळी ज्या वेळेला आणि ज्या पाण्यात लागतात त्या वेळेला आणि त्या पाण्यात फेरी जाणार नाही. हे सुरुवातीला लिहून घेतलं नाही, तर पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत गर्दी झाली की कुणाचं तरी जाळं वल्ह्यात अडकतं, आणि मग गावातली निम्मी घरं फेरीच्या विरोधात उभी राहतात. पर्यटक येवोत न येवोत, गावकऱ्यांना एकमेकांची तोंडं रोज बघायची असतात.

आधी खाडी मोजा

होडी घ्यायच्या आधी एका अमावास्येपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत, म्हणजे पूर्ण पंधरवडा, खाडीत फिरा. सोबत एक लांब बांबू ठेवा. त्यावर दर १० सेंटिमीटरला रंगाची खूण करा आणि ठरवलेल्या वाटेवर दर शंभरेक पावलांच्या अंतराने खोली टिपा. दोन दिवसांचे आकडे सगळ्यात महत्त्वाचे.

पहिला दिवस उधाणाचा, अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा. उधाणात भरती मोठी असते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याच दिवशी ओहोटीही सगळ्यात खाली जाते. कुठला खडक, कुठला जुना खुंट वर येतो ते त्या दिवशी कळतं. त्याच दिवशी भरपाण्यात साकवाखालून बसलेल्या माणसाचं डोकं जातं का, तेही बघून घ्या.

दुसरा दिवस भांगाचा, म्हणजे अष्टमीच्या सुमाराचा. तेव्हा पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. कांदळवनातल्या अरुंद फाट्यात भांगाच्या भरतीला होडी शिरतच नाही, असं पुष्कळ ठिकाणी होतं. त्यामुळे एकाच मार्गावर विसंबू नका. उधाणासाठी आतला आणि भांगासाठी मुख्य पात्राच्या कडेचा, असे दोन मार्ग हवेत.

भरलेली लहान होडी पाण्यात ३० ते ४० सेंटिमीटर बुडते. त्याच्या दुप्पट पाणी जिथे नसेल ती जागा मार्गातून काढून टाका. होडी वळवायला जागा कुठे आहे, जाळी कुठे खुंटवतात, बायका तिसऱ्या आणि कालवं ही शिंपली कुठे काढतात, सांडपाण्याचा नाला कुठे येऊन मिळतो, हे सगळं एका मोठ्या कागदावर हाताने काढा. नकाशा सुंदर नसला तरी चालेल. तो म्हाताऱ्या मच्छीमारांना मात्र दाखवा. खडक कुठे आहेत ते त्यांना पाठ असतं.

भरतीचं वेळापत्रक

पर्यटक फोनवर विचारतात, "दहा वाजता फेरी आहे ना?" खाडीत दहा वाजता रोज सारखं पाणी नसतं, हे त्यांना माहीत नसतं. घड्याळाच्या ठरावीक वेळेची जाहिरात केली, की महिन्यातले निम्मे दिवस फेरी चिखलात रुतते किंवा रद्द होते.

कोकणातला जुना हिशेब अजूनही कामाचा आहे: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे भरती पूर्ण होणार तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला १५ धरायचे, येतात सव्वाअकरा. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी आणि दोन भरतींच्या मध्ये ओहोटी. म्हणून रोज वेळ पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते.

हा हिशेब ढोबळ आहे आणि तो उघड्या किनाऱ्याचा आहे. खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोचते. मुंबईच्या वेळाही सिंधुदुर्गात जशाच्या तशा लागू होत नाहीत. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं मिळतात, त्यांतलं जवळच्या बंदराचं पान वापरा. तुमच्या धक्क्यावर खुणा केलेला एक खांब रोवा आणि महिनाभर पाणी कधी थांबतं ते लिहून ठेवा. कोष्टक आणि तुमचा धक्का यांत किती मिनिटांचा फरक आहे, ते एकदा कळलं की पुढच्या सहा महिन्यांचं वेळापत्रक एका संध्याकाळी तयार होतं.

फेरी कधी सोडायची? भरती पूर्ण व्हायच्या दीड-दोन तास आधी. कारण साधं आहे. चढत्या पाण्यात होडी कुठे टेकलीच, तर दहा-पंधरा मिनिटांत पाणी तिला उचलतं. उतरत्या पाण्यात टेकली, तर पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे कधी कधी सहा-आठ तास, पाहुण्यांना घेऊन चिखलात बसावं लागतं. शिवाय निघताना काठाचा चिखल अजून उघडा असतो, त्यामुळे श्वसनमुळं, खेकडे आणि निवट्या (चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे) दिसतात. आत पोचेपर्यंत पाणी भरतं आणि फाट्यात शिरता येतं. तास ते सव्वा तासाची फेरी पुरे. दोन तासांची केली की मुलं कंटाळतात आणि मोठे फोन काढतात.

मार्चनंतर दुपारी पश्चिमेचा वारा वाढतो. खाडीच्या मुखाजवळ तेव्हा लहान होडी काढू नये, भरती सोयीची असली तरी. सकाळचं पाणी नसेल तर त्या दिवशी फेरी नाही, असं सरळ सांगावं.

ठराव, परवाने आणि पैसा

क्रम महत्त्वाचा आहे. बरेच गट आधी होडी विकत घेतात आणि मग कागदं गोळा करतात. मग तपासणीत कळतं, की बारा जणांची वाटलेली होडी आठच प्रवाशांसाठी मंजूर होते, आणि सगळा हिशेब कोलमडतो.

पहिला कागद ग्रामसभेचा ठराव. त्यात फेरी कोण चालवणार, मार्ग कोणता, मासेमारीला अग्रक्रम कसा आणि गावाचा वाटा किती, हे चार मुद्दे हवेतच.

दुसरं दार वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं. सरकारी जमिनीवरचं कांदळवन वन म्हणून अधिसूचित झालेलं आहे आणि किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत ते सगळ्यात कडक वर्गात मोडतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवनाची तोड आणि त्याच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातलं बांधकाम यांवर बंदी घातली आहे. म्हणजे फेरीसाठी फांद्या छाटणं, वाट मोकळी करणं, काठावर भराव टाकून धक्का बांधणं यातलं काहीही करता येत नाही. आहे तो धक्काच वापरायचा.

तिसरं, महाराष्ट्र सागरी मंडळ. मासेमारीचा परवाना असलेल्या होडीत पैसे घेऊन माणसं नेता येत नाहीत. प्रवासी वाहतुकीसाठी होडीची वेगळी तपासणी आणि परवाना लागतो, आणि त्यावर लिहिलेली प्रवासीसंख्या हीच मर्यादा. सोबत प्रवासी विमा उतरवा. पॉलिसीत कांदळवन फेरी हा शब्द नसला तरी चालेल, पण पाण्यातली वाहतूक वगळलेली तर नाही ना, ते वाचा.

पैशासाठी राज्य सरकारची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आहे. ती २०१७ पासून सुरू आहे आणि कांदळवन प्रतिष्ठानामार्फत राबवली जाते. गटाच्या प्रकल्पाला ९० टक्के रक्कम योजनेतून, १० टक्के गटाची अशी तिची मांडणी. त्यासाठी गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती असावी लागते. आपल्या वाट्याचे १० टक्के बायकांनी स्वतःच्या बचतीतून घालावेत, नवऱ्याच्या किंवा पुढाऱ्याच्या खिशातून नव्हे. पैसे ज्याचे, होडी त्याची, असं गावात आपोआप होतं.

होडी आणि सामान

इंजिन नको, वल्हीच बरी. इंजिनाच्या लाटांनी काठाचा चिखल ढासळतो, पक्षी उडतात आणि माहिती सांगणाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. इंजिनाची एक होडी धक्क्यावर तयार असावी, पण ती मदतीला धावण्यासाठी.

होडी परवान्यात बसते की नाही हे पाहायच्या आधी आपण स्वतः चाचणी घ्या. माणशी ७५ किलो धरून वाळूची पोती प्रवाशांच्या जागी ठेवा, वल्हवणारे बसवा, आणि होडीचा काठ पाण्यापासून किती वर राहतो ते मोजा. एक फूट उरत नसेल तर माणसं कमी करा. मग सगळी पोती एका बाजूला सरकवून बघा. खंड्या दिसला की पाहुणे नेमकं हेच करतात: सगळे एका अंगाला झुकतात आणि दोघे उभे राहतात. शांत खाडीत लहान होडी उलटते ती लाटेने नव्हे, अशा झुकण्याने.

दर फेरीला बरोबर हवं ते:

- प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट, मोठ्यांचं आणि मुलांचं वेगळं. मुलांच्या जाकिटाला पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात जाकीट वर सरकतं आणि मूल खाली राहतं.
- दोरीला बांधलेलं जीवरक्षक कडं, दोरी निदान २० मीटर.
- एक जादा वल्हं, एक बांबू, नांगर, पाणी उपसायला डबा.
- प्रथमोपचाराची पेटी, शिट्टी, जलरोधक पिशवीतला चार्ज केलेला फोन.

धक्क्यावर एक वही. निघायची वेळ, माणसं किती, परतायची वेळ. परतायच्या वेळेनंतर २० मिनिटांत होडी दिसली नाही, तर धक्क्यावरच्या माणसाने फोन करायचा आणि लागला नाही तर दुसरी होडी सोडायची. वही लिहिणारी व्यक्ती त्या वेळात घरी जेवायला जाणार नाही, हे ठरवून घ्या.

जाकिटं उन्हात वाळवू नका. मीठ आणि ऊन मिळून त्यांचं कापड आणि पट्टे लवकर कुजतात. गोड्या पाण्यात धुऊन सावलीत टांगा. आणि अपघात पाण्यापेक्षा धक्क्याच्या पायऱ्यांवर जास्त होतात. शेवाळ दर आठवड्याला खरवडून काढा, दोघींनी होडी धरून ठेवा, एकेका पाहुण्याला होडीच्या मधोमध पाय ठेवायला लावा.

काय दाखवायचं, काय सांगायचं

झाडांची शास्त्रीय नावं पाठ करून बडबडण्यात अर्थ नाही. पाहुण्याला बघायला शिकवा. चार-पाच थांबे ठरवा आणि प्रत्येक थांब्यावर एकच गोष्ट.

तिवराच्या पानाची खालची बाजू बोटाने पुसून जिभेला लावायला सांगा. खारट लागते. हे झाड पानांवाटे मीठ बाहेर टाकतं. कांदळाची आधारमुळं मात्र मीठ बऱ्याच अंशी बाहेरच अडवतात. त्याच कांदळाच्या फांदीवर लोंबणाऱ्या लांब शेंगेसारख्या गोष्टी दाखवा. ते झाडावरच रुजलेलं बी आहे. खाली पडलं की चिखलात रुततं किंवा तरंगत दुसरीकडे जातं. पांढऱ्या चिपीला २०२० साली महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित केलं. तिची पांढऱ्या केसरांची फुलं रात्री उमलतात, म्हणून सकाळच्या फेरीत ती पाण्यावर गळून पडलेली दिसतात. हुरा (काही ठिकाणी गेवा म्हणतात) मात्र दुरूनच दाखवायचा. त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. म्हणून फांद्या तोडू नका, पानं ओढू नका, हा नियम हुऱ्यापाशीच सांगावा. लोक लगेच ऐकतात.

हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात. काळ्या डोक्याचा खंड्या, चिखलावरचे तुतारी, वर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार, नशीब असलं तर पाणमांजरं. पण जाहिरातीत प्राण्याचं आश्वासन कधीच देऊ नका. "पाणमांजर दिसेल" असं लिहिलं, की होडी त्याच्या बिळाशी नेण्याचा दबाव वल्हवणाऱ्यांवर येतो. वेळ, मार्ग आणि अंतर, एवढंच कबूल करा. पक्ष्यांना फरसाण घालायला सक्त मनाई करा, पाहुणे पिशवी सोबत आणतातच.

एका थांब्यावर मासेमारीबद्दल सांगा: या खाडीत कोणतं जाळं लागतं, कोणत्या पाण्याला, काय सापडतं. हे सांगायला पुस्तक लागत नाही, आणि पाहुण्यांच्या लक्षात बहुतेक वेळा हेच राहतं. जाळं ओढणाऱ्या माणसाचे फोटो मात्र त्याला विचारूनच. ज्यांना नको असेल, त्यांच्या होडीपासून लांबून जावं.

समुद्रकिनाऱ्याच्या गावात कासवांची घरटी असतील (वेळास, आंजर्ले, वायंगणी ही माहीत असलेली नावं), तर पिल्लं सोडण्याचं वेळापत्रक वन विभाग आणि तिथले कासवमित्र ठरवतात. तिथे गटाचं काम फक्त गर्दी दोरीमागे ठेवणं आणि फ्लॅश, टॉर्च बंद करायला लावणं.

दर आणि वाटा

दर शेजारच्या गावाकडे बघून ठरवू नका, खर्चाकडे बघून ठरवा. समजा दर माणशी १५० रुपये आणि होडीत सहा पाहुणे. जमा ९००. दोन वल्हवणाऱ्यांना प्रत्येकी २०० प्रमाणे ४००, माहिती सांगणारीला १५०, होडीच्या दुरुस्तीला १००, गटाच्या खात्यात १५०, गावनिधीत ५०, विमा आणि नोंदणी यांसाठी ५०. बरोबर ९०० संपले. आता तीनच पाहुणे आले तर जमा ४५०, आणि फक्त मजुरीच ५५०. म्हणून पूर्ण फेरीचा किमान दर ठरवा: कितीही जण असोत, होडी ६०० रुपयांखाली सुटणार नाही. हे फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा, नाहीतर रोज घासाघीस होईल.

तंगीच्या महिन्यात सगळ्यात आधी दुरुस्तीच्या पैशांना हात लागतो. तो पैसा वेगळ्या खात्यात टाका आणि काढायला तिघींच्या सह्या ठेवा.

वाटणीसाठी नवं काही शोधायला नको. रापणीत (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा, शिवाय जाळ्याला आणि होडीला वेगळा वाटा, ही पद्धत किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तीच इथे लावा. फेऱ्यांची पाळी यादीप्रमाणे लावा आणि ती यादी धक्क्यावर टांगा. ओळखीच्या पाहुण्याने "आम्हाला अमक्याच ताई हव्यात" म्हटलं तरी पाळी मोडू नका. गट फुटतात ते पैसे कमी पडल्यामुळे क्वचितच. पाळी मोडल्यामुळे मात्र नक्की फुटतात.

गावनिधीतला पैसा कशावर खर्च झाला ते दर ग्रामसभेत वाचून दाखवा. ज्यांच्या घरात फेरीचा एक रुपयाही येत नाही, त्यांनाही खाडी आपलीच वाटली पाहिजे.

जेवण आणि मुक्काम

पहिल्या हंगामात मुक्काम सुरू करू नका. फेरी आणि जेवण एवढंच जमवा. जेवणासाठी अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी करून घ्या. मासे गावातल्याच मच्छीमाराकडून, लिलावाच्या भावाने घ्या. स्वस्तात मागितले तर तुमच्या फेरीचा फायदा गावाला झाला कुठे?

पाहुणे सुरमई आणि पापलेट मागतात. फलकावर "आज मिळेल तो मासा" असं लिहा आणि मुडदुशे, शेवटं हे मासे, तिसऱ्या, कालवं वाढा, तिरफळ घातलेली आमटी आणि सोलकढी सोबत. लहान आकाराचे मासे स्वयंपाकघरात येऊच देऊ नका. राज्याने २०२३ साली ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट मान्य करायचा नाही.

दुसऱ्या हंगामात घरातली एखादी खोली निवास-न्याहारीसाठी पर्यटन विभागाकडे नोंदवा. खाडीकाठी जमिनीखालचं पाणी वर असतं, म्हणून शौचालयाची टाकी विहिरीपासून निदान १५ मीटर लांब आणि पक्क्या तळाची हवी. नेमकं हेच काम लोक रंगरंगोटीच्या नंतर करतात. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते, तो नातेवाईकाचा मित्र असला तरी.

हंगाम आणि आवराआवर

ऑक्टोबर ते मे हा फेरीचा काळ. ऑक्टोबरच्या आणि मेच्या दुपारी वीज-वादळ येतं, तेव्हा ढग दिसले की फेरी बंद. पाहुण्याचे पैसे परत करायचे की दुसरी तारीख द्यायची, हे नोंदणी करतानाच सांगून ठेवा. पावसाळ्यात सागरी मंडळाच्या आदेशाने प्रवासी होड्या बंद असतात.

जूनच्या आधी होडी ओढून शेडमध्ये घ्या. लाकडी असेल तर तळ खरवडून वाळवा आणि काजूच्या टरफलांचं तेल लावा. फायबरची असेल तर तळाला बारीक चिरा आहेत का ते पाणी भरून बघा, आत भरलेलं पाणी बाहेर झिरपतं तिथे खूण करा. जाकिटं एकेक करून पाण्यात घालून तपासा, जे माणसाला तोलत नाही ते कापूनच टाका, म्हणजे पुढच्या हंगामात चुकून कुणाच्या अंगावर चढणार नाही. सप्टेंबरमध्ये पुन्हा बांबू घेऊन खाडीत जा. पावसाच्या पुराने गाळ हललेला असतो, गेल्या वर्षीचे खोलीचे आकडे आता उपयोगाचे नाहीत.